खोत्सोच्या गाडीतलं पाणी

मोखोत्लाँग,
४ मे

प्रिय मोहाउदादा यास,
पुलेंगचा सा. न. वि. वि.

खोत्सो गेल्यापासून गाडी अंगणात उभी आहे. सासूबाई रोज तिच्यावरची धूळ पुसतात, पण कुणाला हात लावू देत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात रेडिएटरचा पाइप फुटला तेव्हा नवा बसवून खोत्सोने घाईत नुसतं नळाचं पाणी भरलं होतं. आता आमच्या डोंगरातली मे-जूनची थंडी आलीच. ते गोठलं तर इंजिनच तडकेल. सासूबाई म्हणतात, माझ्या मुलाने भरलेलं पाणी आहे, सांडायचं नाही. टॅक्सीत कोंबून बसायला त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्यांनी दवाखानाही सोडलाय. मी काय करू?

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझी पुलेंग

ब्लूमफाँटेन,
१३ मे

चि. पुलेंग हिस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुला नळ बंद करता येत नसे, आणि आता रेडिएटर उघडायची पाळी आली! थंडीत न गोठणाऱ्या कूलंटचा डबा पाठवतोय. इंजिन पूर्ण गार असेल तेव्हाच वरचं झाकण उघड. गरम असताना उघडलंस तर वाफेने तोंड भाजेल. रेडिएटरच्या तळाशी कोपऱ्यात बूच आहे. त्याखाली घमेलं ठेव आणि हळूहळू फिरव. जुनं कूलंट त्यात थोडं उरलेलं असणार. ते गोड लागतं, तुमच्या तौ कुत्र्याने चाटलं तर जिवाला मुकेल. म्हणून तौला आधी बांध, आणि निघालेलं सगळं झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला दे.

मात्र सासूबाईंच्या नकळत काही करू नकोस. रुसल्या तर रुसू देत.

जपून राहा, आणि हात भाजलास तर मला कळवू नकोस, घाबरेन.
तुझा दादा

मोखोत्लाँग,
२ जून

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

हात शाबूत आहेत. शनिवारी सकाळी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं. त्या आत निघून गेल्या. मी तौला बांधलं आणि गाडीखाली शिरले. बूच हलेना. एवढ्यात शेजारी घोंगडीची किनार दिसली. सासूबाई गुडघे धरत खाली बसल्या होत्या, हातात पाना घेऊन. बूच सुटलं, तांबूस पाणी घमेल्यात पडू लागलं, आणि त्या घमेलं धरून राहिल्या. शेवटचे थेंब पडले तेव्हा म्हणाल्या, "तो असता तर गाडी एवढे दिवस उभी ठेवली नसती." मग आम्ही दोघी तिथेच बसून रडलो. नंतर त्यांनीच मक्याच्या पिठाचा घट्ट पापा रांधला.

स्वच्छ पाण्याने रेडिएटर धुऊन तुझं कूलंट भरलं. शाळेतल्या मास्तरांनी बॅटरी चार्ज करून दिली. सोमवारी अंगणात दहिवर गोठलं होतं, तरी गाडी सुरू झाली. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. दवाखान्यापर्यंत घाटभर डोळे मिटून होत्या. उतरताना म्हणाल्या, "खोत्सोपेक्षा बरी चालवतेस. त्याला सांगू नकोस."

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी पुलेंग