दोन बोटांनी पाव दाबणाऱ्याची शेवटची इच्छा

मी, घरात ‘किटली’ म्हणून ओळखला जाणारा (लवकर उकळतो म्हणून), वय बावीस, शिक्षण दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत, धंदा गाद्यांच्या दुकानात विक्री, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायदा मनाचं विचारत नाही, असं भाऊजी म्हणतात. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. कोर्टाबाहेर बसून लोकांचे दस्तऐवज टाइप करतात. मी मजकूर सांगू लागलो तेव्हा दुसऱ्याच वाक्याला त्यांनी कपाळावर हात मारला आणि माझं मलाच लिहायला सांगितलं. म्हणून अक्षर असं आहे.

निकड अशी की उद्या रविवार आहे आणि उद्या माझा खून होण्याची दाट शक्यता आहे. करणारीचा उल्लेख कलम चारमध्ये येईल. तिच्यावर कोणीही खटला भरू नये.

कलम एक. घर बाबांचं आहे, हे त्यांनी मला वेळोवेळी ऐकवलं आहे. मात्र माझ्या खोलीतली गादी मी स्वतः निवडलेली आहे, ती त्यांना द्यावी. त्यांच्या पाठीलाही आराम पडेल आणि माझ्यावरच्या रागालाही. कॉलेजची पुस्तकं हवी त्याने न्यावीत, कोरी आहेत. ज्या सरांच्या तासाला मी दार आपटून बाहेर पडलो ते पडलोच, त्यांना वेगळं काही नाही. दाराचा आवाज दिला आहे, तो जपून ठेवावा.

कलम दोन. टीव्हीचा रिमोट संपूर्ण हक्कांसह आईला. माझ्यानंतर तिने स्वयंपाकाचे कार्यक्रम सुखाने पाहावेत, कोणी बोलायला येणार नाही. माझं मत मात्र मागे उरू द्या: तिथे कांदा आधीच चिरून काचेच्या वाटीत बसलेला असतो. कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही, काही करपत नाही, आणि घास जिभेला लागायच्या आत बाईंचे डोळे मिटतात. त्या ढीगभर वाट्या घासतं कोण, हे आजवर कोणी दाखवलेलं नाही. आई सगळं टक लावून पाहते आणि उठून नेहमीसारखे बटाटे परतते. त्या बटाट्यांपुढे सगळ्या वाट्यांनी झक मारावी.

कलम तीन. माझा एकुलता एक इस्त्रीचा शर्ट मामेभावाला. पुरस्कारवाल्या हॉटेलात मला तोच ओढून घेऊन गेला होता. दारातच बक्षिसांचं काचेचं कपाट. ताट एवढं की त्यात बाळाला अंघोळ घालावी, आणि मधोमध एक गाजर झोपलेलं. वेटरने त्या गाजराचं सगळं घराणं सांगितलं. मी दोन बोटांनी दाबून पाहिलं. एवढ्या थोर घराण्यातलं, पण कच्चं. बक्षीस देणाऱ्यांना आधी दिवसभर उपाशी ठेवावं आणि मग त्या गाजरासमोर बसवावं, ही माझी शेवटची सूचना. ब्रंचबद्दल थोडक्यात: ब्रंच म्हणजे उशिरा उठल्याचं बिल.

कलम चार. आता खरी गोष्ट. आमच्या रस्त्याच्या टोकाला, चावीवाल्याच्या शेजारी, एक छोटी खानावळ आहे. मालकांनी तिथेही रविवारचा ब्रंच काढला आहे. ऑम्लेट तेच, फक्त फळ्यावर खडूने लिहिलेलं. तरी मी एकही रविवार चुकवलेला नाही, कारण ते ऑम्लेट आचारीणबाई करतात. दर वेळी माझ्या ताटाच्या कडेला तव्याची खरवड येते, खरपूस, कुरकुरीत, न मागता. खरवडीसाठी आमच्या घरात सख्खी भावंडं भांडतात. ती परक्याला कोण देतं? मी समजायचं ते समजलो, आणि तेव्हापासून माझं गाद्या विकण्यात लक्ष नाही.

काल शुक्रवार असूनही जेवायला गेलो, तर वाढपीकाका पाण्याचा ग्लास ठेवताना कानाशी आले. “साहेब, निकाल कधी? मालकांना झोप नाही हो.”

कसला निकाल, विचारलं. तेव्हा कळलं की हॉटेलांच्या यंदाच्या पुरस्काराचे परीक्षक वेश बदलून फिरतात, आणि मी एकटा येतो, गंभीर चेहऱ्याने खातो आणि पाव दोन बोटांनी दाबून तो किती वर येतो ते पाहतो, यावरून मालकांनी मला कधीच ‘ओळखलं’ आहे. अहो, ती दुकानातली सवय. गादी अशीच दाबून दाखवतात. मी खुर्चीची उशीसुद्धा दाबली होती.

म्हणजे खरवड माझी, की परीक्षकाची? या एका प्रश्नाने कालपासून झाकण उडतं आहे. उद्या मी स्वयंपाकघरात शिरून मी कोण ते सांगणार आहे. बाईंचा राग माझ्यापेक्षा वरचा. फुटकी अंडी आणणाऱ्याला त्यांनी झाऱ्यानिशी रस्त्यापलीकडे पोचवलं होतं.

कलम पाच. पहिल्या पगारातून घेतलेला माझा बिडाचा तवा, खिडकीजवळच्या खुर्चीवरचा माझा हक्क आणि शिल्लक राहिलेलं सगळं आचारीणबाईंना. खरवड कोणाचीही निघो.

भाऊजींनी बजावलं आहे की साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याच्या वाटचं बाद होतं. भाऊजींना मी काहीच ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यांनी लगेच सही केली. दुसरी उद्या चावीवाल्याची घेईन.

पुरवणी. मी हयात आहे.

सांगितलं. त्या कांदा चिरत होत्या, थांबल्यासुद्धा नाहीत. “माहीत आहे. माझ्या मावशीला गादी तुम्हीच विकलीत. फार बोलतो म्हणाली.”

मग मालकांना का नाही सांगितलं, मी विचारलं.

“सांगितलं असतं तर त्यांनी चांगलं लोणी आणलं असतं का?”

आणि खरवड? यावर त्यांचे कान लाल झाले. मी हे कागद पुढे केले. हात पुसून, ओट्याला टेकून त्यांनी सगळं वाचलं. गाजरापाशी हसू आवरेना. शेवटच्या कलमावर बोट ठेवून विचारलं, “म्हणजे मी सही केली की हे सगळं गेलं?”

गेलं, म्हणालो. तिने माझ्याच खिशातलं पेन काढून सही केली.

“मेल्यावरचं घेऊन मी काय करू? तवा उद्याच घेऊन ये.”

साक्षीदार पहिले: भाऊजी, टंकलेखक (मजकुराशी संबंध नाही).
साक्षीदार दुसरी: आचारीण. कागदावरचा डाग लोण्याचा आहे.
ठिकाण: खानावळीचं स्वयंपाकघर. रविवार, ब्रंच उरकल्यावर.
लिहून ठेवणार: किटली, सध्या मंद आचेवर.