बिनबाह्यांचा शर्ट

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आता मी पायाशी आडवी पडलेच आहे, तर निदान लाथ मारू नकोस.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडण्याआधी माणूस एकदा तरी उघडून बघतो.

मी मजेत आहे. मैत्रिणीकडे चार दिवस जाऊन येते म्हणाले होते, त्याला तीन आठवडे झाले, हे मला कळतं. त्याबद्दल नंतर लिहीन. आधी गाव सांगते.

गाव एवढंसं आहे. आले त्या संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले, तर दहा मिनिटांत गाव संपलं. पुढे नुसती शेतं. वळून दुसऱ्या टोकाला गेले, तर तिथेही संपलं. तिसऱ्या फेरीला बेकरीवाल्या बाई दारात आल्या. "काय हरवलंय हो तुमचं?" म्हटलं, "काही नाही, नुसती फिरतेय." त्यांना ते काही पटलं नाही. चौथ्या फेरीला बघते तर त्या, त्यांचे यजमान आणि पोस्टमन, तिघंही वाकून रस्ता धुंडाळताहेत! काय शोधायचंय ते एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी मलाच लाज वाटली आणि मी सांगून टाकलं, सापडलं, बटण होतं. तिघांना असा आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी जो भेटेल तो म्हणे, "बरं झालं बाई, बटण मिळालं."

मी एका टेलरच्या दुकानात काम धरलंय. दुकान मास्तरांचं. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून ते खुर्चीत बसून नुसते बोलतात, आणि बोलतात मात्र भरपूर. वरची खोली माझी. दोन खाटा, दोन खिडक्या. इथे कारखान्याचा भोंगा नाही ताई! बावीस वर्षांत पहिल्यांदा आपली आपण जागी झाले आणि अंथरुणात एकटीच हसत बसले.

मास्तरांनी विचारलं, "अख्खा शर्ट येतो ना?" मी म्हटलं, "येतो की!" हस, हस.

दुकानात आणखी एक मशीन आहे, चादर टाकून ठेवलेलं. उगाच जागा अडवून बसलंय. ते असो.

तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. लहानपणी माझ्याशी अबोला धरलास की संध्याकाळपर्यंत तुझंच पोट दुखायचं. आता कसं आहे?

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पोस्टमन. त्याच्या शर्टाची कॉलर अशी बसली की मास्तर खुर्चीतून उठले. बाह्यांचं मात्र विचारू नकोस. माप मी स्वतः घेतलं होतं, गळ्यापासून मनगटापर्यंत, एकदा नाही, तीनदा. तरी त्याची बोटंसुद्धा दिसेनात, आणि हात वर केला की सगळा शर्ट वर. बिचारा म्हणाला, "पत्रं काय, हात खाली ठेवूनही टाकता येतात." मी रडकुंडीला आले आणि बाह्या उसवून टाकल्या. तर तो शर्ट तसाच, बिनबाह्यांचा, घालून गावभर फिरतो. कोणी विचारलं तर सांगतो, "यांची ताई येणार आहे. बाह्या ती लावेल."

हो, गावाला मी सांगितलंय की तू येणार आहेस. आता लपवत नाही. दुकान चालवायला दोन माणसं हवीत, अशी मास्तरांची जाहिरात होती आणि मी आपल्या दोघींसाठी अर्ज केला. ते चादरीखालचं मशीन तुझं आहे. तुला आधी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "पुढच्या वर्षी बघू." तीनदा म्हणालीस, आणि तीनदा मी भरलेली पिशवी रिकामी केली. चौथ्यांदा माझा स्वतःवरच भरवसा नव्हता. तुझ्याशी खोटं बोलून निघाले ही चूक, त्यासाठी हवं तेवढं बोल. निघाले ही चूक नाही.

मास्तरांनी महिनाअखेरची मुदत दिली आहे. तोवर अख्खा शर्ट दिसला नाही, तर दुकान दुसऱ्या कोणाला देणार.

बावीस वर्षं आपण शेजारी बसलो. मी कॉलर लावून शर्ट तुझ्याकडे सरकवायचा, तू बाह्या लावून पुढे. हजारो शर्ट केले असतील, पण त्यातला एकही आपण ओळखीच्या माणसाच्या अंगावर पाहिला नाही. इथे तो रोज सकाळी दारावरून जातो आणि "काय बाई, चहा झाला का?" विचारतो. ताई, हे तू बघावंस असं मला फार वाटतं.

सोबत कापड पाठवते आहे. बाही बत्तीस इंच, कफ नऊ. यायचं नसेल तर निदान बाह्या शिवून पाठव.

तुझी, तुझ्याशिवाय अर्धीच कामाची,
धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई,

पाकीट पोस्टमननेच आणलं. उघडलं तर माझंच कापड, घडी न मोडता परत आलेलं. मी ते तसंच पोस्टमनच्या हातात परत दिलं. मास्तर हळूच म्हणाले, "नाही म्हणाल्या वाटतं." तेवढ्यात पोस्टमन ओरडला, "अहो, घडीत टाचणी आहे! मला टोचली!"

टाचणीला तुझी चिठ्ठी. आता पाठ झाली आहे: "बत्तीस इंच बाही माणसाला नसते. बाही खांद्यापासून मोजतात गं वेडे, गळ्यापासून नाही. बावीस वर्षं कॉलरीपलीकडे बघितलंस तर ना! तुझ्या मापावर मी कात्री लावणार नाही. रविवारी येऊन मीच मोजते."

मास्तरांनी ती दोनदा वाचून घेतली. मी खाली मान घालून म्हटलं, "मला अख्खा शर्ट येत नाही." ते म्हणाले, "ते मला पहिल्याच दिवशी कळलं. ज्याला येतो तो आधी विचारतो, कोणाचा शिवायचाय?" मग दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "मुदत रविवारपर्यंत वाढली! रविवारी दुकान उघडं राहील!" पाच मिनिटांत ही बातमी बेकरीपर्यंत पोचली होती.

बस अकराला येते. थांब्यावर बिनबाह्यांच्या शर्टात जो उभा असेल, तो आपला. त्याला लगेच मोजायला लागू नकोस, आधी चहा घे. खिडकीकडची खाट तुझी. मशीनवरची चादर मी काढलेली नाही, ती तूच काढ.

आणि संध्याकाळी आपण दोघी गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला जाऊ. बेकरीवाल्या बाई विचारतीलच, काय हरवलंय म्हणून. या वेळी खोटं बोलावं लागणार नाही. सांगेन, सापडलं.

गळ्यापासून मोजणारी,
तुझीच धाकटी