वल्हांडणाचं ताट

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

सकाळी बँकेत जाऊन आले. दुपारी तुमच्या भावाच्या कामाच्या खोलीतलं उरलेलं प्लास्टर आणि साचे कवळ्या बनवणाऱ्या दुसऱ्या एकाने नेले. संध्याकाळी आमचे पाळक आले. चहा घेतला, नेहमीप्रमाणे वरून साखर मागितली. मग म्हणाले, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तुम्हा यहुद्यांच्या वल्हांडणाचं जेवण मांडायचं आहे, प्रभूने शिष्यांबरोबर केलेलं शेवटचं भोजन मंडळीला नीट समजावं म्हणून. त्यासाठी तुमच्या आईचं खणांचं ताट आणि चांदीचा पेला द्यावा, आणि काय कुठे ठेवतात ते मी दाखवावं. "इतकी वर्षं तुम्ही पाहिलंय, आमच्यात दुसऱ्या कुणाला माहीत असणार?" मला नाही म्हणायला वेळ लागतो, हे तुम्ही जाणता. आज लागला नाही.

ते वाईट माणूस नाहीत. तुमचा भाऊ आजारी होता तेव्हा औषधांच्या रांगेत तेच उभे राहायचे. आणि मुळात ते जेवण आपलंही आहे, हे त्यांचं म्हणणं एका परीने खरंच आहे. त्या रात्रीच्या भाकरीतूनच आमचं प्रभुभोजन आलं. माझ्यासाठी त्या रात्री बळी दिलेला वल्हांडणाचा कोकरा म्हणजे ख्रिस्त. ते मी संसारात कधी सोडलं नाही आणि तुमच्या भावानेही सोडायला सांगितलं नाही. पण त्याच्यासाठी ती रात्र पुढच्या कशाची तरी नांदी नव्हती, ती तिच्यापुरती पुरी होती. त्याचे लोक मिसरच्या गुलामीतून निघाले, आणि त्यांच्याबरोबर दर वर्षी तोही निघायचा. मला चिडवायचा, "तुमचा कोकरा सापडला, तुम्ही निवांत. आमची अजून बांधाबांधच चाललीय."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीचा माझा घोटाळा त्याने तुम्हाला सांगितला होता की नाही कोण जाणे. त्या रात्री लागणारी बेखमीर, न फुगवलेली भाकर कुठे मिळेना. माझा भाऊ चर्चचं कपाट सांभाळायचा. त्याच्याकडून मी प्रभुभोजनाच्या पातळ चकत्यांचा कोरा पुडा आणला आणि त्या ताटात छान रचून ठेवल्या. बिनखमिराच्या होत्याच की. तुमचा भाऊ आधी बघत राहिला, मग खुर्चीत बसून पोट धरधरून हसला. "अगं, एवढा लोंढा वाळवंटात निघाला आणि शिदोरी ही? नाण्याएवढी?" मग बाह्या वर करून त्याने स्वतः पीठ मळलं, फुगायच्या आत घाईघाईने भाजलं. जे काही झालं ते कौलासारखं होतं. म्हणाला, खा बिनधास्त, दात बनवणारा घरातच आहे. चकत्या मात्र त्याने फेकू दिल्या नाहीत. एकेक उचलून पुन्हा पुड्यात भरल्या आणि म्हणाला, "या तुझ्या टेबलावरच्या आहेत. भावाला परत नेऊन दे." आज पाळकांशी बोलताना मला त्याची ती बोटं दिसत होती.

तुम्ही त्या जेवणाला कधी बसला नाहीत, ताई. सण उलटल्यावर यायच्या, त्याच्याशी दारातच बोलायच्या आणि पाणीही न घेता जायच्या. मी कारण विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. त्याच्या दफनाच्या दिवशी मात्र तुम्ही माझा हात धरलात. मी त्या टेबलावर पाहुणी होते, आणि आनंदाने होते. कशाची जागा कुठे ते मला पाठ आहे. पण त्या रात्री हकीकत सांगणाऱ्याने गुलामीत आपणच होतो असं सांगायचं असतं, आणि ते माझ्या तोंडी शोभणार नाही. हॉलमध्ये पाळकांच्या तोंडीही नाही. म्हणून हे लिहितेय. वल्हांडण या वर्षीही या घरात व्हावा असं मी ठरवलंय, आणि ती हकीकत तुम्ही येऊन सांगायची. माझ्या हातचं चालत नसेल तर तुमची भांडी घेऊन या, मी शेगडीला हात लावणार नाही. मुळीच यायचं नसेल, तर ताट आणि पेला मी स्वतः तुमच्या घरी आणून देईन. नंतर गुड फ्रायडेला मी माझ्या चर्चमध्ये जाईन, तेही ठरलेलं आहे.

सणाआधी घरातलं खमिराचं सगळं खाणं काढून टाकायचं असतं; त्याला अजून अवकाश आहे, पण एकटीला वेळ लागेल, म्हणून आजच सुरुवात केली. बिस्किटांचा डबा रिकामा झालाय. हे पाकीट चिकटवलं की तो धुऊन पालथा घालते.

तुमचीच,
भावजय