माफ झालेली फी

४ जून
चिमणीला मीडियाची डिग्री हवी आहे. हवी तर हवी! पण कुठली, ते डोळे उघडे ठेवून ठरवणार. काचेच्या इमारतीतल्या कॉलेजची फी सरकारी कॉलेजच्या सहापट. सहापट शिकवतात तरी काय, कळू दे. हे म्हणाले, "झालं! लेकीच्या कॉलेजसमोरही घोषणा देणार बाई." देईन की!

७ जून
काचेचं कॉलेज पाहिलं. स्टुडिओ चकाचक — कॅमेऱ्यांवर अजून कंपनीचं प्लास्टिक! दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हळूच म्हणाली, "काकू, हात लावू देत नाहीत. पाहुणे आले की दिवे लावतात." चिमणी मात्र हरखलेली. गच्चीवरच्या कॅफेत फोटोच फोटो.

८ जून
सरकारी कॉलेज. भिंतींचे पोपडे निघालेत, पंखा कुरकुरतो. पण मुलं-मुली जमिनीवर बसून कालच्या एका बातमीवरून हमरीतुमरीवर आलेली! सर तुटका माईक उघडून बसलेले. म्हणाले, "पहिल्या आठवड्यापासून कॅमेरा हातात देतो. पाडतात. मग दुरुस्त करायलाही शिकतात." शिकून गेलेली मुलं कुठे आहेत, विचारलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून दिला. पलीकडून — "मॅडम, नंतर बोलू, बातमी चालू आहे!" आणि ठेवला. माझं ठरलं.
चिमणी : "आई, तिथलं बाथरूम पाहिलंस?" पाहिलं. घाण आहे. तेवढं तिचं खरं.

११ जून
काचेच्या कॉलेजच्या संचालकांनी बोलावलं. बस डेपोच्या गेटवर पगारवाढीसाठी केलेलं माझं भाषण ऐकलं म्हणे. "ताई, तुम्ही बोललात की माणूस जागचा हलतो. आमच्या पालकसभांत थोडं बोलत जा. मुलीची तिन्ही वर्षांची फी माफ."
हे म्हणतात, "फुकट! याहून स्वस्त काय असतं?" फुकट कसलं? माझ्या शब्दावर दुसरे आईबाप कर्ज काढून भरतील ना ती फी! नाही म्हणून आले.

१२ जून
जेवताना चिमणी एवढंच बोलली, "जगासाठी भांडतेस. माझ्याच वेळेला तुझी तत्त्वं आडवी येतात." पण नाही म्हणजे नाही!

१५ जून
अबोला. कपाटभर पुस्तकं वाचली मी. अन्यायाशी कसं लढावं, सगळ्यांत आहे. रुसलेल्या लेकीशी कसं बोलावं — एकातही नाही.

१९ जून
सकाळी चिमणी हसत आली. "आई, फी माफ! तुझ्याऐवजी मी बोलते म्हटलं. संचालक म्हणाले, शेवटी आईचीच लेक!" हे खूश.
मी विचारलं, "जे सांगणार आहेस, ते तुला पटतं?"
"तूच शिकवलंस ना — आधी समोरच्याची भीती ओळखायची. आईबापांना भीती कसली? आपलं पोरगं मागे पडेल याची. तेवढं पुरे."
माझंच हत्यार. धार मात्र तिने लावलेली.

२१ जून
पालकसभेला गेले. मागे उभी राहिले. काय बोलते पोरगी! माझ्याहून सरस. टाळ्या थांबेनात. शेजारची बाई डोळे पुसत उठली आणि पर्स उघडत फीच्या खिडकीकडे निघाली. मी तिच्या आडवी गेले. चिमणी स्टेजवरून बघत होती.
"ताई, थांबा," म्हटलं. "आत्ता बोलली ती माझी मुलगी. पैसे भरू नका."