रिकाम्या रिव्हॉल्व्हरची टक्

२१ सप्टेंबर, रविवार

गोळी सुटली! ‘थांबा’ची आज्ञा झाल्यानंतर, सर्वांनी शस्त्रे रिकामी करायची त्या वेळी — सातव्या लेनवरून. पलीकडच्या टोकाला एक टार्गेट अडकले होते, म्हणून सराव मध्येच थांबवलेला. ते सोडवायला निघालेला माणूस अजून मातीच्या बांधाच्या आडोशाला होता. आणखी थोडा पुढे गेला असता तर आज रात्री मी वेगळेच काही लिहीत असतो.

माझे रिव्हॉल्व्हर तेव्हा मेजावर उघडे पडले होते. सिलिंडर बाहेर, सहाही घरांतून उजेड आरपार. ज्याला रिकामे म्हणतात ते असे दिसते.

सातव्या लेनवर तनया होती. वय तेवीस, नोएडात संगणकाच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात दिल्लीतल्या मुलींमध्ये आज तिच्या जवळपास कोणी नाही. पहिले सहा महिने ती माझ्याकडे शिकली. पुढची तीन वर्षे केतकीकडे, म्हणजे माझ्या सुनेकडे. पोरगी पांढरीफटक उभी होती. पिस्तूल अजून हातातच! ते आधी खाली ठेवायचे, एवढेही सुचले नाही.

 

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. आरती सुरू असतानाच टंडनचा फोन. आमच्या संघटनेचा हा सचिव पदावर आल्यापासून आवाज न चढवता बोललेला मला आठवत नाही. शिस्तपालन समिती बसेल: तो, संघटनेतले कर्नलसाहेब आणि मी. ‘श्रीरंगजी, एक साल से कम तो बनता ही नहीं।’ मी म्हटले, बिलकुल.

रात्री जेवताना केतकीने विषय काढलाच.

“बाबा, तुम्ही या समितीत नका बसू. घरचं प्रकरण आहे.”

“म्हणूनच बसणार. सुनेची शिष्या म्हणून सवलत दिली, असे कोणी म्हणता कामा नये.”

“सवलत कोण मागतंय? चूक झाली, ती नाकारत नाहीये. पण वर्षाची बंदी म्हणजे नोव्हेंबरची ट्रायल गेली. राष्ट्रीय संघाची ट्रायल आहे ती, बाबा. पुढच्या वर्षी तिला कोण विचारणार? कंपनीने आत्ता कुठे सुट्टी मंजूर केलीय.”

“नियमाला नोव्हेंबर ठाऊक नसतो.”

“वा! हे भिंतीवर लावू या.”

माझ्या पत्नीने, विजयालक्ष्मीने, भाताचे पातेले आम्हा दोघांच्या मधोमध आणून ठेवले. ‘ताटावर बंदुका नकोत,’ एवढेच म्हणाली. चाळीस वर्षे हेच म्हणत आली आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मूळ दोष शस्त्राचा आहे, हे माझे मत मी कधी लपवलेले नाही. पिस्तुलाचे पोट बंद असते. मॅगझिन काढून घेतले तरी एक गोळी वर, नळीच्या मागच्या घरात बसलेली राहू शकते — बाहेरून काडीचा पत्ता लागत नाही. रिव्हॉल्व्हर असे काही करत नाही. उघडले की सगळे दिसते, उलटे केले की सगळे पडते. मोजमापाच्या शास्त्रात मी हयात घालवली. जे उपकरण स्वतःची स्थिती लपवते त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

म्हणून माझ्याकडे येणारा प्रत्येक नवशिका पहिले सहा महिने रिव्हॉल्व्हरच हाताळतो. रिकामे करायचे, मिटायचे, नळी टार्गेटकडे रोखून एकदा चाप ओढायचा. रिकाम्या घोड्याची टक् ऐकू आली की मगच शस्त्र खाली ठेवायचे. ही टक् मला माझ्या गुरूंनी दिली. मी ती पुढे कितीजणांना दिली, ते सांगता यायचे नाही.

केतकीच्या पिढीला हे सारे पुरातत्त्व वाटते. ‘बाबा, तुमचं रिव्हॉल्व्हर प्रामाणिक आहे, मान्य. आमच्या आजोबांची फियाटसुद्धा प्रामाणिक होती. चढावर बंद पडायची.’ आणि केतकीपेक्षा लहान असलेल्यांना तर हा वादच कळत नाही. त्यांनी रिव्हॉल्व्हर पाहिलेले असते ते हवालदाराच्या कमरेला.

चढाचे म्हणशील तर — माझा चढ म्हणजे अंगठा. जलद फेरीत प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्यानेच मागे ओढावा लागतो. सांध्यातली कूर्चा झिजली आहे. पाचवी गोळी आता वेळेत सुटत नाही. पिस्तूल आपला घोडा आपणच चढवते. हे केतकीला ठाऊक आहे. तिने एकदाही बोलून दाखवलेले नाही. तिच्याविषयीच्या माझ्या तक्रारींत हे बसत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

तनयाने पार्किंगमध्ये गाठले. तिला सध्या रेंजवर प्रवेश नाही, म्हणून फाटकाबाहेर उन्हात उभी होती.

“सर, दोन मिनिटं?”

“बोल. चाप ओढण्यापूर्वी काय काय केलेस, क्रमाने सांग.”

ती गोंधळली. “चाप म्हणजे ट्रिगर ना, सर? मला चाप म्हटलं की खायचं सोया चापच आठवतं.”

नागपूरच्या आईबापांची मुलगी! दिल्लीत जन्मली की भाषेचे असे होते. पण तिला हसू आले नव्हते; घाबरून बोलत होती.

“मॅगझिन काढलं. साइडला ठेवलं. मग... मग हात आपोआपच गेला, सर. तुम्ही म्हणायचात ना, टक् ऐकल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. स्लाइड ओढायची राहिली. रोज ओढते, प्रॉमिस. त्या दिवशी मध्येच थांबवलं, आणि माझं लक्ष त्या अडकलेल्या टार्गेटकडे...”

“ते मी रिव्हॉल्व्हरसाठी सांगितले होते.”

“हो सर. सॉरी सर.”

सबब! मी केतकीजवळ हेच म्हटले. आपल्या चुकीचे खापर गुरूवर. केतकीने गाडीचा दरवाजा जरा जोरात लावला.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाटावर माझे रिव्हॉल्व्हर, विजयालक्ष्मीची कात्री, केतकीचा लॅपटॉप. दरवर्षीचा वाद दरवर्षीप्रमाणे झाला: पोलादाला कुंकू लावायचे नाही, लाकडी मुठीला लावा. ‘देव काय मुठीपुरताच असतो का, अहो?’ आमच्या प्रतीकने, केतकीच्या नवऱ्याने, बंगळुरूहून व्हिडिओवर हात जोडले आणि विचारले, “बाबा, तनयाचं काय झालं?” म्हणजे त्यालाही कळवलेले आहे. घरात मी एकटा पडलो आहे, हे एव्हाना स्पष्ट झाले.

मी केतकीला सांगितले, रविवारी तुझे पिस्तूल मला दे. मध्येच थांबवले तरी सावध माणसाच्या हातून ही चूक घडत नाही, हे मी करून दाखवतो. समितीपुढे मग मत नव्हे, प्रयोग मांडेन.

तिने फक्त “अच्छा” म्हटले.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहायचे की नाही, यात संध्याकाळ गेली.

दुपारी रेंज जवळजवळ रिकामी. टोकाच्या लेनवर मी, मागे दुर्बिणीला डोळा लावून केतकी. तिचे पॉइंट टू-टूचे पिस्तूल हातात घेतले तेव्हा खेळण्यासारखे वाटले. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या मीच भरल्या. पहिली गोळी. अंगठ्याला काही करावेच लागले नाही! दुसरी. तिसरी. कित्येक वर्षांत माझा हात इतका स्थिर राहिला नव्हता.

“बाबा, थांबा, थांबा! इकडे येऊन बघा. तिन्ही एकाच भोकात आहेत!”

मी मॅगझिन काढले. ते मेजावर ठेवले. मी बोलतच होतो — पकड, श्वास, असे काहीतरी. आवाजात आनंद होता, हे आता आठवून लाज वाटते. बोलता बोलता नळी टार्गेटकडे होती, आणि मी टक् ऐकण्यासाठी चाप ओढला.

टक् झाली नाही.

गोळी वाळूत गेली. सुरक्षित दिशेला, कोणीही पुढे नव्हते, लेन आमचीच होती — हे सारे खरे आणि सारे गैरलागू. पलीकडे झाडणाऱ्या माणसाने मानसुद्धा वर केली नाही. रेंजवर गोळीचा आवाज कोणाला नवा?

केतकी पुढे आली. माझ्या हातातून पिस्तूल घेतले, स्लाइड मागे ओढली — शेवटच्या गोळीचे सुटे टरफल कधीच उडून गेले होते — आणि नळीत नारिंगी दोरी घातली. त्या दोरीवाचून शस्त्र रिकामे मानायचे नाही, हा नियम संघटनेत मीच मांडला होता.

गाडीत, बदरपूरच्या कोंडीत, ती म्हणाली, “तीन वर्षं मी तिच्या हातातून ती टक् काढतेय, बाबा. रोज निघते. घाबरली की परत येते.”

“मला आधी का नाही सांगितलेस?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

मी पुढच्या ट्रकवर लिहिलेले वाचत राहिलो.

“तुमचं नाव मात्र कोणी लिहून घेणार नाही,” थोड्या वेळाने ती म्हणाली. रागाने नाही. त्याचेच वाईट वाटले.

तिने मला त्या क्षणी मुद्दाम थांबवले का? विचारलेले नाही. विचारणारही नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

अंगठा दुखतो. दिवस गेला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

माझी सारी मांडणी मी पुन्हा तपासली. ती चुकीची आहे.

पिस्तूल रिकामे करणे ही दोन क्रियांची गोष्ट आहे: मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढून पाहा. मी मुलांना एका क्रियेचा हात दिला. उघडले की संपले. त्या हाताला रिव्हॉल्व्हर चालते. पिस्तूल हाती आले की तोच हात अर्ध्यावर काम संपवतो आणि वर खात्रीसाठी चाप ओढतो! पिस्तुलात जन्मलेल्या मुलाकडून ही विशिष्ट चूक क्वचितच होईल. त्याला टक् ऐकायची तहानच नसते. ही चूक रिव्हॉल्व्हरवाल्यांची आहे. तनयाला ती माझ्याकडून मिळाली.

शनिवारी समितीत हे सांगावे लागेल. आणि रविवारचेही. विजयालक्ष्मीला सांगितले, तर म्हणाली, “सांगा की. तुम्हाला कोण काय म्हणणार आहे?”

तेच मलाही वाटते. माझ्या नावावरचा राज्य विक्रम रेंजच्या कार्यालयातल्या भिंतीवर अजून आहे. टंडनने स्वतः हौसेने चौकट करून लावलेला. माझ्यावर ते बंदी घालणार नाहीत. आणि माझ्यावर घालता येत नसेल, तर तनयावरही घालता येणार नाही. शिक्षा दोघांना सारखीच, एवढाच माझा आग्रह असेल. एवढे पुरेल. माझे नाव आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

केतकीला हा बेत सांगितला नाही. तिचा चेहरा पाहायचा आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

समिती झाली. मी सर्व काही क्रमाने सांगितले. टंडन आधी हसला. ‘अरे श्रीरंगजी, आप से? फिर तो पिस्टल में ही कुछ गड़बड़ होगी!’ कर्नलसाहेबांनी गंभीरपणे सुचवले की ते पिस्तूल कारागिराकडे तपासायला पाठवावे. मुलीच्या हातून गोळी सुटली तेव्हा मुलगी तपासली. माझ्या हातून सुटली तर पिस्तूल तपासायचे!

मी म्हटले, पिस्तुलात काही बिघाड नाही. शिकवण माझी, चूक दोघांची, शिक्षा दोघांना एकच. वेगळी करणार असाल तर मी जाहीरपणे विरोध नोंदवीन.

टंडन चहाच्या कपाशी खेळत राहिला. मग म्हणाला, सोमवारी कळवतो. त्याच्या तोंडावरची अडचण मी ओळखली आणि — खरे लिहितो — मला ती आवडली. बाहेर पडताना भिंतीवरच्या त्या चौकटीकडे मी मुद्दाम पाहिले नाही.

घरी येऊन केतकीला सगळे सांगितले. ती उभीच राहिली. ‘बाबा!’ एवढेच म्हणाली आणि मग आत जाऊन तनयाला फोन केला. दार लावायला विसरली. ‘रडू नकोस गं, बाबांनी म्हटलंय म्हणजे होईल,’ एवढे कानावर आले.

बऱ्याच दिवसांनी आज झोप लागेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

टंडनचा फोन सकाळीच आला. आवाज चढलेला नव्हता. ‘आप की बात हमें ठीक लगी, श्रीरंगजी. कायदा सब के लिए एक।’ दोघांनाही एक वर्ष बंदी.

केतकी अजून ऑफिसात आहे. तनयाचे फोनवर फोन येत आहेत. मी उचललेला नाही.