पंतांचा लाल शेरा

४ मार्च

माझ्या हाताला कळतं ते खरं, की पंतांना दिसतं ते? मला माहीत नाही. इथे तरी कशाला आव आणू!

पंत म्हणजे आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमधला नवा संगणक. आम्ही गुडघा किती वाकतो, किती दुखतो ते भरायचं. आमच्याच आधीच्या पेशंटांवरून शिकलेले पंत पुढे किती फरक पडेल ते सांगणार. हिरवा शेरा – उपचार चालू. लाल – व्यायामाचा कागद हातात आणि नमस्कार!

आज मास्तरीणबाईंना लाल. निवृत्त शिक्षिका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. इतके दिवस येताहेत, पण गुडघा ढिम्म. मोठे सर म्हणाले, "बाहेरची रांग बघ. पंत उगाच बोलत नाहीत."

"पंतांनी त्यांना हात तरी लावलाय का, सर?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. दोन आठवडे दिले!

घरी आईला सगळं तावातावाने सांगितलं. दिवसभर लाँड्रीत उभी राहून इस्त्री करते ती. त्यावरच शिकले मी. म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर, आणि भांडते कोणाशी? तर यंत्राशी!" हसताना स्वतःचा ऑपरेशन झालेला गुडघा चोळत होती.

७ मार्च

हात लावला की बाईंचा पाय लाकूड. "अगं, हा गुडघा म्हणजे मागच्या बाकावरचं कार्टं. कितीही समजाव, ढिम्म."

मी समजावतेच आहे.

८ मार्च

लाल.

११ मार्च

आज शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या चष्म्याचं घर खाटेखाली गेलं. मास्तरीणबाई उठल्या, उकिडव्या बसल्या, घर काढून दिलं. उकिडव्या! मी दारात उभी.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग? आता वर्गाबाहेर उभी करणार?"

म्हणजे हात लावला की मुद्दाम ताठ करत होत्या! पंत फसले, माझे हुशार हातही फसले. हसावं की रडावं! कारण विचारलं तर खिडकीकडे बघत म्हणाल्या, "घरी सगळे फोनकडे बघत माझ्याशी बोलतात. तू 'दुखतंय का' विचारतेस आणि उत्तरासाठी थांबतेस."

पंतांच्या नोंदीत काही लिहिलं नाही. चार दिवस येईनात का बिचाऱ्या, कोणाचं काय जातं?

१३ मार्च

जातं! आई एकदाची तपासायला आली. पंतांचा शेरा – लाल. कारण विचारलं की पंत नोंदींतला सर्वांत जुळणारा पेशंट दाखवतात. पडद्यावर कोण? मास्तरीणबाई! तेच वय, तेच ऑपरेशन, तसाच ताठ गुडघा. बाई सुधारल्या नाहीत, म्हणजे आईही सुधारणार नाही. संपलं!

खरं लिहायलाच हवं. पण परवा का नाही सुचलं? आईचं नाव आल्यावरच बरी सुचते नीतिमत्ता! उद्या आणखी कोणाची आई असेल, तिच्यासाठी कोण भांडेल?

१४ मार्च

आधी बाईंना सांगितलं. नाव घेतलं नाही. "तुमच्या गुडघ्यावरून दुसऱ्या एकीचा निकाल लागलाय."

"म्हणजे तुझे पंत शेजारच्या पेपरात बघून लिहितात?"

"तसंच काहीसं."

"आणि मी मुद्दाम चूक लिहिलं." मग पाय पुढे केला. "मोज. नीट मोज."

छान वाकला. कोणालाच आनंद झाला नाही.

"आता माझं येणं बंद, ना?"

मान हलवली.

१५ मार्च

सरांना सगळं सांगितलं. ती पेशंट माझी आई आहे हेही. "म्हणून तिचं तुम्हीच ठरवा, सर. आणि स्वतः हात लावून." सर म्हणाले, "पंतांपेक्षा तू जास्त डोकं खातेस." पण आईला बोलावलं, गुडघा बराच वेळ तपासला. उपचार सुरू! लाल शेऱ्यावर कोणालाही परत पाठवण्याआधी सर आता स्वतः तपासणार.

बाईंच्या नावापुढे मी लिहिलं – बऱ्या झाल्या. अर्धं खोटंच ते.

१८ मार्च

आईला विचारून, संध्याकाळी तिला घेऊन बाईंच्या दारात गेले. "बाई, तुमच्यामुळे नापास झालेली ती हीच. घरचा व्यायाम चुकवते."

बाईंनी आईला आपादमस्तक न्याहाळलं. "चुकवते? माझ्याकडे?"

दोघींना तिथेच सोडून आले. तासाभरात येते म्हणाली होती आई. जेवण गार झालंय.