बोबडकांदा

शनि. ११ मार्च १९४४. कर्जत.
काल होळीपुढे तोंडातून एक शब्द सुटला नि धमाल उडाली. शेजारच्या शांतेला बघून खालापूरचे वामनराव परत निघाले होते. कचेरीत कारकून. बोलताना अडखळतात. टांगा होळीपाशी आला नि मी बोंब ठोकली, "बोबडकांदा रे बोबडकांदा!" पोरं टांग्यामागे धावली. शिमग्यात कोण कुणाला काय म्हणतं! धुळवडीची आंघोळ झाली की संपलं.
पोरांतला तुकाराम म्हणाला, "झ्याक शब्द काडलास रं, दिनू!"

मंगळ. १४.
शां.चं मोडलं. खालापूरहून नकार. आनंद झाला, खोटं कशाला लिहू. आई म्हणते, शां.ला माझ्यासाठी आपणच विचारू. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला कोण... तरी विचारू म्हणते!

गुरु. १६.

सकाळी कशेळ्याची भाजीवाली शां.च्या ओटीवर. "अगं बोबडकांदीणबाई, वांगी घेतेस काय?" हसून नाही, साधी हाक मारावी तशी. "ह्येच नाव ना? पोरांनी सांगितलं."
शां. वांगी न घेताच आमच्या कुंपणाशी आली. "आमच्या धाकट्या बाळ्याला 'र' येईना तेव्हा मांडीवर घेऊन म्हणायचे मी हा शब्द. तीस वर्षांच्या माणसाला म्हणतात?"
"शिमगा होता गं."
"म्हणून तेही गप्प बसले. आता कचेरीतसुद्धा त्यांना तेच म्हणतात. म्हणे, या गावची सोयरीकच नको."
"बरं झालं की..."
"मला पसंत होते ते. दोनच वाक्यं बोलले माझ्याशी. वेळ लागला, पण नीट बोलले."
पसंत! हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. एकदाही.

शनि. १८.
आई ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी निघालेली. वाटेत आडवा आलो. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू होतास? मी त्या तुकारामाला शिव्या देत होते रे!"
खालापूरला जातो. वामनरावांना सांगणार, शब्द माझा, शांतेचा यात काही दोष नाही. मारतील तर मारोत. त्यांनी ऐकलं तर शां. माझ्या हातची गेली. नाही ऐकलं तर हे नाव तिला जन्मभर...
आई म्हणते, जेवून तरी जा.  खोपोलीची गाडी गाठायची आहे. वही फडताळात टाकतो, दार ओढून घेतो. निघालो.